हुलग्यांचं माडगं आणि ताईचं पळणं

आईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक किल्ली अशी आहे, जिला कुलूपच नाही. बोटाएवढी, लोखंडी, पुढे दाते नाहीत, नुसता एक चौकोनी खळगा. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये नवी कामवाली आली की पहिल्याच आठवड्यात विचारते, "माताजी, ये कौन से ताले की है?" आई जुडगा कमरेला खोचते आणि आत निघून जाते. मग मीच सांगते, ताले की नहीं, जूतों की चाबी है. त्यावर ती बाई माझ्याकडे कशी बघते ते पाहण्यासारखं असतं. बुटांना कुलूप लावणारी माणसं, असा आमचा लौकिक एव्हाना सेक्टरभर झाला असणार.

ही किल्ली ताईच्या खिळ्यांच्या बुटांची. शर्यतीत पळायच्या बुटांना खाली बारीक खिळे असतात, ते सैल होतात, आणि ते आवळायला ही किल्ली लागते. ताईने पळणं सोडलं तेव्हा बूट कुणाला तरी देऊन टाकले, मेडलं ट्रंकेत गेली, आणि किल्ली आईने स्वतःच्या जुडग्यात ओवली. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही. त्या एका विषयावर आमच्या घरात सगळेच मूग गिळून असतात.

आज रविवार. सकाळी खिडकीबाहेर धुकं होतं की धूर होता, ते दिल्लीत हल्ली कुणाला सांगता येत नाही. मी चहा घेऊन बसले होते, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अगं, आईकडे ती बुटांची किल्ली आहे का अजून? एका पोरीचा खिळा हलतोय."

"कुठली पोरगी? आहेस कुठे तू?"

"ग्राउंडवर."

मी कप खाली ठेवला. ताई आणि ग्राउंडवर! रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसणारी, चाळिशी ओलांडलेली माझी बहीण गेल्या कित्येक वर्षांत मैदानाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. टीव्हीवर शर्यत लागली तर उठून कपडे वाळत घालायला जायची.

"दिवाळीपासून येतेय," ती म्हणाली. "आमच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या चार पोरी आहेत. उगाच बोभाटा नको म्हणून बोलले नाही. यार, तू किल्ली आण ना, बाकीचं मग बोलू."

मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं. आई देवापुढची फुलं निवडत होती. तिने ऐकून घेतलं, कमरेचा जुडगा चाचपला आणि म्हणाली, "तू नको. मी नेते."

"अगं आई, गुडघे, थंडी..."

"मी नेते म्हटलं ना."

आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं शाल शोधतेय. पण वरच्या फळीवरून डबा खाली ओढल्याचा आवाज आला, मग लोखंडी तवा गॅसवर ठेवल्याचा, आणि थोड्या वेळाने तो वास आला.

भाजलेल्या हुलग्यांचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. थोडा मातीचा, थोडा करपल्याचा, आणि मागून येणारा एक गोडसर कडवट दरवळ. किती वर्षांनी आला तो आमच्या घरात! मी दारातच उभी राहिले आणि आईच्या पाठीकडे बघत राहिले.

तो वास म्हणजे छावणीतलं आमचं क्वार्टर. बाबा फौजेत सुभेदार होते, साताऱ्याकडचे, माणदेशातले. पलटण दिल्लीला आली आणि आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटचे होऊन गेलो. पिवळ्या भिंती, हिरवी दारं, मागच्या अंगणात कडुलिंब, आणि कुंपणापलीकडे कीकरांचं, म्हणजे बाभळींचं, रान. पहाटे बिगूल वाजायच्या आधी मोर ओरडायचे. हिवाळ्यात नीलगायी भिंतीपर्यंत यायच्या आणि आईची मेथी खाऊन जायच्या. आई त्यांना मराठीत शिव्या द्यायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या.

त्या काळोख्या पहाटे बाबा ताईला उठवायचे. मी रजईत डोकं खुपसून ऐकत असायची. बाबांच्या बुटांचा आवाज, ताईचं जांभई देत बडबडणं, मलमाच्या डबीचं झाकण उघडल्याची टिकटिक. मग विंटरग्रीनच्या तेलाचा झणझणीत वास, आणि त्याच्यावर चढत येणारा हुलग्यांचा. आई माडगं करत असायची. हुलगे भाजायचे, दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, त्यात गूळ, सुंठ, चिमूटभर मीठ आणि वर दुधाची धार. रंग चिखलासारखा, पण प्यायलं की पायांच्या बोटांपर्यंत ऊब जाते. आमच्या गावाकडे हुलगे बैलाला घालतात, शर्यतीच्या घोड्याला घालतात आणि पळणाऱ्या पोरांनाही घालतात. आईच्या लेखी या तिघांत काही फरक नव्हता.

पलटणीचं मैदान कोळशाच्या राखेचं होतं. ताई घरी यायची ती गुडघ्यापर्यंत काळी. तिच्या धावण्याचा आवाज मला अजून आठवतो. राखेवर खिळे पडायचे तेव्हा चर्रचर्र असा कोरडा आवाज यायचा, जवळ यायचा, लांब जायचा. बाबा मध्ये शिट्टी घेऊन उभे. त्यांना पळण्यातलं शास्त्र-बिस्त्र काही येत नव्हतं. ते एकच सांगायचे, "शैला, इकडं-तिकडं बघायचं न्हाई. म्होरं बघायचं." ताई पुढे बघायची. फेब्रुवारीच्या शेवटी मैदानाच्या कडेची सावरीची झाडं लालभडक व्हायची आणि ती जाड फुलं धपकन राखेत पडायची. मी ती गोळा करून ताईच्या बुटात भरून ठेवायची आणि मार खायची.

आईचं हिंदी हा आमच्या घरातला कायमचा करमणुकीचा विषय होता. आई सगळ्यांशी बिनधास्त बोलायची. भाजीवाला, धोबी, कर्नलसाहेबांची मेमसाब, कुणीही असो. अर्धं हिंदी, अर्धं माणदेशी, आणि मध्ये जिथे अडेल तिथे हातवारे. तिला सगळं समजतं अशी तिची पक्की खात्री होती.

एकदा ताई शाळांच्या स्पर्धेत चौथी आली. माइकवरचा माणूस फार शुद्ध हिंदी बोलणारा होता. पहिल्या तिघींची नावं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "और शैला की चेष्टा भी सराहनीय रही." झालं! आई ताडकन उठली. "चेष्टा? माझ्या लेकीची चेष्टा करतोय मेला?" बाबा पदर धरेपर्यंत ती पायऱ्या उतरून त्याच्या टेबलापाशी पोचलीसुद्धा. "मेरी लड़की का चेष्टा क्यों करता है तुम?" तो बिचारा चष्मा काढून म्हणाला, "माताजी, चेष्टा तो आपकी बेटी ने की है!" त्यावर आईचा जो काही अवतार झाला! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तिला समजावायला शेजारी बसलेली एक उंच, घागरा-ओढणीतली बाई उठून आली. समजावता समजावता तीच इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आईही हसली.

ती सरोजची आई. सरोज त्या दिवशी तिसरी आली होती. पानिपतजवळच्या खेड्यातली माणसं, दारात म्हशी, आणि घरात एकच वेडी पोर, जिला शेतातून बांधावरून नुसतं पळायचं असायचं. त्या दिवसापासून दोघी आया प्रत्येक स्पर्धेत शेजारी शेजारी बसायला लागल्या. एक माणदेशी बोलायची, दुसरी हरियाणवी. निम्मं कळायचं, निम्मं सुटायचं. पण गप्पा काही थांबायच्या नाहीत. ती आईला 'बेबे' म्हणायची, म्हणजे बहीण. आईला आधी वाटलं लहान मूल समजते की काय!

संक्रांतीला दिल्लीतले मराठी लोक बस करून काला आंबच्या स्मारकाला जातात, पानिपतच्या लढाईत पडलेल्यांना हात जोडायला. आम्हीही जायचो. हाडं गोठवणारी थंडी, मोहरीची पिवळी शेतं, बसमध्ये तिळाच्या वड्यांचा वास. बाबा स्मारकापुढे सावधान उभे राहायचे आणि कितीतरी वेळ हलायचे नाहीत. परतताना आम्ही सरोजच्या घरी उतरायचो. चुलीवर बाजरीची खिचडी, वर वाटीभर तूप, आणि अंगणात शेकोटी. आई तिळगूळ द्यायची आणि 'गोड बोला' म्हणायची. सरोजची आई ते जसंच्या तसं म्हणून दाखवायची, तिच्या तोंडात ते 'घोड बोल्ला' व्हायचं. ताई आणि सरोज बांधावर शर्यत लावायच्या. सरोज पळताना गायची. फार गोड गळा होता तिचा, बारीक आणि खडीसाखरेसारखा स्वच्छ. ती लांब गेली तरी गाण्यावरून कळायचं कुठे आहे ते.

मग दोघी एकदमच मोठ्या सराव-कॅम्पला निवडल्या गेल्या. तिथपासूनचं मी तुकड्यातुकड्यांनीच ऐकलं, रात्री जेवताना, ताई सुट्टीला आली की. बाथरूमच्या केराच्या डब्यात सुया असतात म्हणाली. काही मुली कागद काढून टाकलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या घेतात म्हणाली. कॅम्पमधल्या एका डॉक्टरने तिलाही विचारलं होतं. ताईने त्याला सांगितलं, "मुझे सुई से डर लगता है." सगळा कॅम्प तिला हसला. आता ताई आणि सुईला भिणार? लहानपणी कुत्रं चावलं तेव्हा पोटात इंजेक्शनं घेताना ती डॉक्टरांना गणिताची कोडी घालत होती! पण तिला भांडण नको होतं, प्रवचनही नको होतं. तिला फक्त एकदा पहिलं यायचं होतं. त्या गोळ्या घेणाऱ्यांसमोर, त्यांच्याबरोबर पळून, आणि आईच्या माडग्यावर. एवढंच तिचं मागणं होतं आणि त्यासाठी ती वर्षानुवर्षं चौथी येत राहिली.

सुट्टीत सरोज आमच्याकडे आली होती. आईने हौसेने गाणं म्हणायला सांगितलं. सरोज तोंड उघडून थांबली. मग गायली. आवाज जाडा झाला होता, घशात अडकत होता. ती अर्ध्यातच हसून म्हणाली, "मौसी, जुकाम सै." तिला सर्दी झाली नव्हती. ताई खाली मान घालून पोळी खात होती. त्या वर्षी संक्रांतीला बांधावर कुणी गायलं नाही. सरोजची आई मात्र अभिमानाने सांगत होती की डॉक्टर पोरीला ताकदीची टोचणी देतात, फुकट. तिला खरंच काही माहीत नव्हतं. मी आजही शपथेवर सांगेन.

आणि मग ती शर्यत आली. दिल्लीतच, मोठ्या स्टेडियममध्ये, दोनशे मीटरची फायनल. मार्च होता, रबराचा ट्रॅक उन्हात तापून त्याचा वास नाकात बसला होता. आई माडग्याचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. सकाळीच ताईला त्यातलं पेलाभर पाजून आली होती. आमच्या शेजारी अर्थातच सरोजची आई.

बार वाजला. वळणावर ताई तिसरी होती. वळण संपलं आणि ती सरळ रेषेत आली, आणि मला राखेच्या मैदानावरचा तो चर्रचर्र आवाज ऐकू आला, जो इथे येणं शक्यच नव्हतं. ती इकडे-तिकडे बघत नव्हती. सरोजला तिने शेवटच्या काही पावलांत मागे टाकलं. बाबा उभे राहिले आणि त्यांनी एक हात कपाळाकडे नेला, आणि मग इकडे-तिकडे बघून तो हात खाली घेतला. मी किंचाळत होते. आई किंचाळत नव्हती. ती थर्मासचं झाकण उघडत होती, बंद करत होती, उघडत होती.

ताईला तिथूनच तपासणीवाले घेऊन गेले. पहिल्या तिघींची लघवी तपासायची होती. सरोज आणि तिसरी आली ती मुलगी लवकर मोकळ्या झाल्या. ताईला काही होईना. भर उन्हात पळालेलं अंग, आतलं पाणी सगळं आटलेलं. ती एका बंद खोलीत बाटल्यांमागून बाटल्या पाणी पीत बसली होती आणि बाहेर बक्षीस समारंभ उरकून घेतला गेला, कारण पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. दुसऱ्या पायरीवर सरोज उभी राहिली. तिसऱ्या पायरीवर तिसरी. मधली उंच पायरी मोकळी होती. फोटोवाल्यांनी फोटो काढले, बँड वाजला, टाळ्या वाजल्या. ताईचं सोनेरी मेडल एका शिपायाने नंतर कॉरिडॉरमध्ये आणून दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

त्या मोकळ्या पायरीकडे बघत असतानाच सरोजच्या आईने, पोरीला पाजतेस तरी काय म्हणून, विचारलं, "आज तै उड़गी तेरी छोरी! के प्यावै सै इसनै, बेबे?"

आईला कोण आनंद झाला होता. तिला हुलग्यांचं हिंदी नाव माहीत नव्हतं. ती थर्मास उंच धरून म्हणाली, "ये? ये घोड़े का रहता है ना, वो! मैं खुद घर में बनाती. छोटी थी तब से देती."

आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. मी हसले होते. आईचं हिंदी!

पुढचं मला नीट लावून सांगता येत नाही. निकाल आले. सरोज सापडली, तिसरी सापडली. ताईच्या तपासणीत काहीच निघालं नाही. पण स्वच्छ निघाली ही काय बातमी असते का? लोकांनी हिशेब उलटा मांडला. दुसरी घेत होती, तिसरी घेत होती, तर त्यांना हरवणारी काय नुसतं पाणी पिऊन पळाली? ही नक्कीच असलं काहीतरी घेते, जे तपासणीत सापडत नाही. आणि मग कुणीतरी म्हणालं, अरे, तिची आई स्वतःच सांगत होती की! घोड्याची दवा देते. घरी बनवते. लहानपणापासून. ध चा मा व्हायला असा कितीसा वेळ लागतो! कॅम्पमध्ये ताईला 'घोड़ी' म्हणायला लागले. मेसमध्ये ती बसली की टेबल रिकामं व्हायचं. पुढच्या कॅम्पच्या वेळी तिचं नाव कुणी घेतलंच नाही, आणि का घेतलं नाही हेही कुणी सांगितलं नाही. अडवणारं कुणी दिसलंच नाही, मग भांडायचं तरी कुणाशी?

ते पहिल्यांदा कुठून निघालं, सरोजच्या आईकडून की मागच्या रांगेतून, मला माहीत नाही. तिची पोर बुडत होती. बुडणाऱ्या पोरीची आई काय काय बोलेल, याचा मी राग धरून बसलेले नाही. पूर्वी धरला होता. आता नाही.

ताई कॅम्पवरून घरी आली तो उन्हाळा होता. लू, म्हणजे ती दिल्लीची गरम झळ, चालली होती, कूलरच्या वाळ्याचा ओला वास घरभर होता. आई तिच्यासाठी पहाटेच उठून हुलगे भाजत होती. ताई स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, उद्यापासून माडगं नको करूस."

एवढंच. चिडली नाही, रडली नाही. आईनेही का म्हणून विचारलं नाही, तिला सगळं कळलं होतं. तिने गॅस बंद केला आणि तवा तसाच खाली उतरवून ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात हुलगे भाजले गेले नाहीत. गावाहून काकू दरवर्षी पिशवीभर पाठवते. आई ते डब्यात भरते, जुने झाले की कबुतरांना घालते आणि नवे भरते. आणि त्याच दिवसापासून माझी आई घराबाहेर हिंदी बोलायची थांबली. भाजीवाल्याला बोटाने दाखवते. डॉक्टरकडे मला घेऊन जाते. अख्ख्या छावणीशी गप्पा मारणारी ही बाई या शहरात मुकी होऊन राहिली, आणि ते मला ताईच्या मेडलापेक्षाही जास्त लागलं. काला आंबला आम्ही अजून जातो. परतताना पानिपतचं ते वळण आलं की आई पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघते.

कुलथी. हुलग्यांना हिंदीत कुलथी म्हणतात. मला तो शब्द कधी कळला? गुरगावच्या ऑफिसात बसून फोनवर किराणा मागवताना. एका पाकिटावर फोटो हुलग्यांचा आणि खाली नाव, कुलथी. एवढासा शब्द. मी मीटिंगमधून उठून वॉशरूमला गेले आणि नळ सोडून रडले.

"चल," आईने हाक मारली. थर्मास जुनाच होता, झाकणाला दोरा गुंडाळलेला. तिने चांगली साडी नेसली होती, वर बाबांचा फौजी स्वेटर घातला होता.

गाडीत मी दोनदा विषय काढला, तिने दोनदा 'हं' केलं. मैदानापाशी पोचलो तर धुकं थोडं वर उचललं होतं आणि त्यातून ताई दिसली. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. ती बाबांचीच होती, मी ओळखली. पोरी गोल फिरत होत्या, त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. कडेला बाकावर त्यांच्या आया बसल्या होत्या, मफलर गुंडाळून, मोबाइल बघत.

ताईने आईला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. "अगं, तू कशाला आलीस थंडीत?"

आईने जुडगा काढला. थंडीने बोटं वळत नव्हती, कडीतून किल्ली निघेना. आम्ही दोघी पुढे झालो, पण तिने आम्हाला हात लावू दिला नाही. शेवटी निघाली. ताईने बाकावर बसून त्या पोरीचा बूट मांडीवर घेतला आणि खिळा आवळला. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो कुरकुर आवाज! आमचं क्वार्टर, काळ्या पायांची ताई, बाबांची शिट्टी, सगळं त्या आवाजात होतं.

आईने तेवढ्यात थर्मास उघडला होता. धुक्यात तो वास पसरला. ताईचे हात थांबले. ती वर बघेना. आईने स्टीलच्या पेल्यात माडगं ओतलं आणि त्या पोरीपुढे धरलं. ते पातळ चिखलासारखं काहीतरी बघून पोरगी आपल्या आईकडे बघायला लागली. ती बाई मोबाइल ठेवून उठली. हरियाणवीच होती. तिने पेल्यात वाकून पाहिलं आणि आईला साधंच विचारलं, "के सै यो, ताई जी?"

आईचा हात हवेत तसाच राहिला. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मला शब्द माहीत होता! मी पुढे सरकले, "आंटी, ये कुल..." एवढं म्हणतेय तोच ताईने माझं मनगट धरलं. घट्ट. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती, पुढे, सरळ. आणि तिने मान हलवली. सांग.

आईने पेला आणखी पुढे धरला.

"घोड़े का है," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, कित्येक वर्षं न वापरलेल्या हिंदीचा. मग तो चढला. "हमारे गाँव में घोड़े को देते. बैल को देते. मेरी लड़की को दिया. चोरी का नहीं है, घर का है. ये मेरी लड़की पहली आई थी इसके ऊपर. पूछो किसी को भी!"

त्या बाईने हसून कपाळाला हात लावला. "अरे, कुलथी होगी! म्हारी दादी भी देवै थी." आणि पोरीला म्हणाली, "पी ले, छोरी."

पोरगी प्यायली. ओठांवर तपकिरी मिशी उमटली. तिने पेला परत पुढे केला आणि बाकीच्या तिघी धावत आल्या. थर्मास रिकामा झाला. शेवटचा पेला ताईने घेतला. दोन्ही हातांत धरून, एकेक घोट करत, डोळे मिटून. मग तिने बाहीने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली, आणि किल्ली आईच्या हातात परत ठेवायला गेली. आईने तिची मूठ मिटवली.

"राहू दे तुझ्याकडंच."

ताईने किल्ली ट्रॅकसूटच्या खिशात ठेवली. पोरी पुन्हा ट्रॅकवर गेल्या. मग ती हळूच म्हणाली, अगदी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात बोलली होती तेवढ्याच हळू आवाजात, "आई, उद्या पण कर."

आई थर्मासचं झाकण लावत होती. तिने दोरा पुन्हा पुन्हा गुंडाळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"उद्या? आता हुलगे कुठले?" ती ताईवर करवादली. "तळाचे वाटीभर आज संपले, बाकीचे डबाभर कबुतरांना घातले मी. आधी नाही का सांगायचं गं!"